सोळा आसनं, एक अरुंद खोली : एडिंबरोच्या थिसल चॅपलचं लाकूडकाम

1906 साली स्कॉटलंडचे अकरावे अर्ल ऑफ लेव्हन वारले. त्यांनी मृत्युपत्रात 40,000 पौंड एका ठरावीक कामासाठी बाजूला काढून ठेवले होते. एडिंबरोच्या हॉलिरूड ॲबीचा, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचा, पडका भाग सावरायचा, त्यावर पुन्हा छत घालायचं आणि तिथे ‘ऑर्डर ऑफ द थिसल’च्या नाइटांसाठी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, करायचं, असं ते काम होतं. पाच वर्षांनी चॅपल झालं खरं, पण हॉलिरूडला नाही. रॉयल माइलचा चढ चढून वर आलं की सेंट जाइल्स हे जुनं चर्च लागतं. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मूळ बेतात कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या चिंचोळ्या जागेत ते उभं राहिलं. ही जागा कशी बदलली, बदललेल्या जागेने लाकूडकामाला कोणता आकार दिला आणि ते काम कोणाच्या हातून झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. विसाव्या शतकात ओक लाकडात झालेल्या कोरीव कामातलं हे मला सगळ्यात जास्त शिकवणारं काम वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थिसल ही स्कॉटलंडची सर्वोच्च ऑर्डर, म्हणजे नाइट हा किताब दिलेल्या मानकऱ्यांचं मंडळ. इंग्लंडात गार्टरला जो मान आहे तोच तिकडे थिसलला. चिन्ह म्हणजे काटेरी थिसलचं फूल, आपल्याकडच्या उंटकटारीच्या कुळातलं. ब्रीद लॅटिनमध्ये आहे: मला छेडून कोणी सहीसलामत सुटत नाही. राजा सातव्या जेम्सने 1687 मध्ये ऑर्डरची घडी बसवली, तेव्हा नाइटांची संख्या बारा होती. 1827 पासून ती सोळा झाली. राजघराण्यातले सदस्य या सोळांच्या वर धरले जातात. आसनं किती, हा प्रश्न पुढे सतत येणार असल्यामुळे हा हिशोब लक्षात ठेवायला हवा.

हॉलिरूडचा हट्ट कशासाठी होता, त्यालाही इतिहास आहे. जेम्सने याच ॲबीत ऑर्डरचं चॅपल सजवलं होतं. राजासाठी सिंहासन आणि बारा नाइटांसाठी आसनं, असं सगळं साग्रसंगीत झालं होतं. पण राजा कॅथलिक, प्रजा प्रॉटेस्टंट. डिसेंबर 1688 मध्ये जेम्सची सत्ता डळमळली तसा एडिंबरोचा जमाव ॲबीत घुसला आणि त्याने आतल्या सामानसुमानाची नासधूस केली. म्हणजे थिसलचं पहिलं लाकूडकाम जेमतेम वर्षभर टिकलं. पुढे 1703 मध्ये राणी ॲनने ऑर्डर पुन्हा सुरू केली, पण चॅपल काही मिळालं नाही. ॲबीचं तर उलट आणखी वाटोळं झालं. 1758 च्या सुमाराला तिच्या छतावर दगडी फरशांचं जड पांघरूण घातलं गेलं. जुन्या भिंतींना ते पेललं नाही आणि 1768 मध्ये सगळं छत खाली आलं.

लेव्हन यांच्या पैशातून याच भिंतींवर नवं छत घालायचं होतं. तज्ज्ञांनी भिंती तपासल्या आणि त्या हा भार घेणार नाहीत असं सांगितलं. जुनी भिंत पाडून नवी बांधली तर ती पुनर्बांधणी होईल, जतन होणार नाही, हा पेच होताच. शेवटी हॉलिरूडचा नाद सोडला गेला. दिवंगत अर्लच्या वारसांनी पैसे पुढे केले, राजा सातव्या एडवर्डने संमती दिली आणि सेंट जाइल्सची जागा ठरली. लंडनमध्ये 1906 सालीच सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज या ऑर्डरचं चॅपल सुरू झालं होतं. गार्टरचं विंडसरला होतं, बाथ या ऑर्डरचं वेस्टमिन्स्टर ॲबीत. स्कॉटलंडची सर्वांत मानाची ऑर्डर तेवढी बिनघराची राहिली होती. या गोष्टीची टोचणी एडिंबरोत किती असेल याची कल्पना करता येते.

जागा

सेंट जाइल्स हे धर्मसुधारक जॉन नॉक्सचं चर्च, स्कॉटिश धर्मसुधारणेचं केंद्र. 1560 नंतर इथल्या जुन्या वेद्या आणि मूर्ती गेल्या. कोरीव लाकडाकडे, मूर्तीकडे, थाटामाटाकडे संशयाने बघायची सवय या दगडांत मुरलेली. अशा ठिकाणी राजेशाही थाटाची, देवदूतांनी भरलेली खोली जोडायची होती. शिवाय मूळ इमारतीला धक्का लावायचा नव्हता आणि बाजूला पार्लमेंट स्क्वेअर असल्याने पसरायलाही वाव नव्हता.

हाती आली ती खोली सुमारे 36 फूट लांब, 18 फूट रुंद. मुंबईतल्या मध्यमवर्गीय फ्लॅटएवढं क्षेत्रफळ. त्यात सोळा नाइटांची आसनं बसवायची, राजाचं आसन त्याहून वरचढ करायचं, राजघराण्यातल्यांसाठी सोय करायची आणि मधून समारंभाची रांग चालत जाईल एवढी वाट मोकळी ठेवायची. आडवा विस्तार शक्यच नव्हता. म्हणून वास्तुकाराने खोली उभी ताणली. आतली उंची सुमारे 42 फूट आहे, म्हणजे रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त. चॅपलमध्ये जाण्याआधी एक बुटकी, दगडी कमानींची देवडी लागते. तिच्यातून वाकल्यासारखं होत आत पाऊल टाकलं की नजर एकदम वर जाते. हा परिणाम योगायोगाने आलेला नाही. देवडी मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे.

खोली उंच झाली की लाकूडकामालाही उंच व्हावंच लागतं. इथे या प्रकरणाची खरी किल्ली आहे. आसन म्हणजे बसायची जागा, ती माणसाच्या मापाचीच राहणार. पण 42 फुटी भिंतीखाली चार फुटी पाठीचं आसन ठेवलं तर ते बाकड्यासारखं दिसेल. म्हणून प्रत्येक आसनावर उंच, निमुळती मेघडंबरी आली. मेघडंबरीच्या टोकावर नाइटाचं शिरस्त्राण आणि त्यावर त्याच्या घराण्याचं शिरोचिन्ह. आसनांच्या ओळी दोन्ही लांब भिंतींना लागून आहेत आणि राजाचं आसन पश्चिमेला. डोळा बसायच्या फळीपासून निघतो, हाताच्या टेकूवरच्या प्राण्यावर थांबतो, पाठीच्या चौकटीतून वर जातो, मेघडंबरीच्या जाळीत शिरतो आणि शिखरावरून अलगद दगडी छताला लागतो. माणसाच्या मापापासून इमारतीच्या मापापर्यंत नेण्याचं काम इथे ओकने केलं आहे.

वास्तुकार आणि त्याची माणसं

काम मिळालं रॉबर्ट लॉरिमरला. जन्म 1864, वडील एडिंबरो विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. 1878 मध्ये या कुटुंबाने फाइफ परगण्यातली केली कॅसल ही पडझड झालेली गढी भाड्याने घेतली आणि ती राहण्याजोगी केली. रॉबर्ट तेव्हा पोरसवदा होता. जुनं घर कसं सावरायचं, सुताराशी आणि गवंड्याशी कसं बोलायचं, हे तो घरातच बघत मोठा झाला. पुढे एडिंबरोत रोवंड अँडरसन आणि लंडनमध्ये बॉडली या वास्तुकारांकडे उमेदवारी केली. बॉडली हे चर्चच्या अंतर्भागाचे मोठे जाणकार. लाकडी पडदे, रंग, सोनेरी मुलामा आणि दगड यांचा मेळ घालायचा कसा, हे त्यांच्याकडे शिकायला मिळणं साहजिक होतं.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. केलीजवळ आर्नक्रोक नावाचं खेडं आहे. तिथल्या व्हीलर नावाच्या सुताराकडून लॉरिमर फर्निचर करून घेत असे. रेखाटन याचं, हात त्याचा. गावच्या सुताराला नामांकित कारखान्याच्या तोडीचं काम करता येतं, फक्त त्याला नीट विचारावं लागतं, हे लॉरिमरला तरुणपणीच कळलं असावं. कारण पुढेही त्याची पद्धत हीच राहिली. ठरावीक माणसं धरून ठेवायची, एकामागून एक कामं त्यांनाच द्यायची, त्यांच्या हाताला काय जमतं ते ओळखून त्या बेताने रेखाटायचं.

थिसल चॅपलच्या वेळी हा गोतावळा पुरता जमला होता. लाकूडकाम नॅथॅनिएल ग्रीव्ह यांच्याकडे आणि त्यातलं कोरीव काम विल्यम आणि अलेक्झांडर क्लो या भावांकडे. दगडी शिल्पात जोसेफ हेज, लोखंडी कामात टॉमस हॅडन, मीनाकामात फीबी ट्रकेअर. रंगीत काचा डग्लस स्ट्रॅखन आणि लुई डेव्हिस यांच्या. यातले बरेच जण एडिंबरोतले किंवा तिथे स्थायिक झालेले. सतरा ठिकाणच्या निविदा मागवून सर्वांत स्वस्त त्याला काम, असा प्रकार असता तर हे चॅपल असं झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आजकाल आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत नेमकी हीच गोष्ट हुकते. खांब कोरणारा एक, महिरप लावणारा दुसरा, पॉलिश मारणारा तिसरा आणि तिघांची कधी गाठच पडत नाही.

बांधकाम 1909 च्या अखेरीला सुरू झालं. मे 1910 मध्ये सातवा एडवर्ड वारला. ज्या राजाच्या संमतीने काम सुरू झालं तोच गेला. काम मात्र थांबलं नाही. जून 1911 मध्ये पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला आणि 19 जुलै 1911 ला त्याने एडिंबरोत येऊन चॅपलचं उद्घाटन केलं. हाच राजा त्याच वर्षी 2 डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, ज्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया बांधलं गेलं. लॉरिमरला ‘सर’ हा किताब 1911 मध्येच मिळाला.

लाकूड

पावणेदोन वर्षांत दगडी इमारत, कमानी छत, काचा, फरशी आणि हे सगळं कोरीव काम झालं, यावर जरा थांबायला हवं. ओक कापून लगेच कोरायला घेता येत नाही. उघड्यावर वाळवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. चार इंची खांबाचा तुकडा चार वर्षं मागतो. म्हणजे या कामासाठी आधीच वाळलेलं लाकूड मिळवणं भाग होतं आणि दगडी काम चालू असतानाच कोरक्यांनी बाहेर, आपापल्या जागी, कामाला सुरुवात केलेली असणार. भिंती पुऱ्या झाल्यावर माप घेऊन मग कोरायला बसलं असतं तर 1911 चा जुलै गाठणं अशक्य होतं. अशा वेळी सगळा भरवसा रेखाटनांवर आणि मापांवर असतो. दगड अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर मेघडंबऱ्यांची रांग वाकडी दिसते.

ओक आपल्या सागवानासारखा नाही. साग तेलकट आणि त्यामानाने मऊ, पटाशी त्यात सुखाने चालते आणि तो फारसा हलत नाही. ओक कठीण, रेषा ठसठशीत, हवेतला ओलावा पिऊन फुगणारा. खोडाच्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या किरणांच्या रेषेत कापला तर तो कमी वाकतो आणि फळीवर चंदेरी ठिपक्यांसारखी नक्षी उमटते. आडवा कापला तर पसरतो आणि तडकतो. त्यात लोखंड आणि ओकचं वैर आहे: ओलसर हवेत लोखंडी खिळ्याभोवती ओक काळा पडतो. दगडी, थंड चर्चमध्ये बारीक जाळीची मेघडंबरी उभी करायची म्हणजे हे सगळं आधी डोक्यात असावं लागतं. असं शिखर एकसंध ओंडक्यातून निघत नाही. अनेक लहान तुकडे वेगवेगळे कोरून, लाकडाच्या रेषांची दिशा सांभाळून, एकमेकांत अडकवून ते उभं राहतं. बारीक पान कोरताना रेषा आडवी गेली तर देठ पटाशीच्या पहिल्याच ठोक्याला तुटतो. म्हणून पान कुठे वळवायचं हे निम्मं रेखाटणारा ठरवतो, निम्मं लाकूड.

आसनांच्या हाताच्या टेकूंवर प्राणी कोरले आहेत. नाइट बसला की त्याचा तळहात जिथे विसावतो, बरोबर तिथे. ही जागा मला फार आवडते, कारण इथे कोरक्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. प्राणी लांबून ओळखू यायला हवा आणि हाताला टोचता कामा नये. कान, शिंग, शेपटी असं काही बाहेर काढलं की ते झिजणार किंवा तुटणार. म्हणून जनावर अंग चोरून बसलेलं हवं, पाठ गोल, पाय पोटाशी. शंभर वर्षांत माणसांचे हात अशा पाठीवरून फिरले की ओकला जी झिलई येते ती कुठल्याही पॉलिशने येत नाही. चॅपलच्या शिल्पांत बॅगपाइप वाजवणारा देवदूत आहे आणि लोक आधी तोच शोधतात. शोधू देत. पण काम समजून घ्यायचं असेल त्याने आधी टेकू पाहावेत.

नक्षीचे नमुने कुठून आले, हाही प्रश्न आहे. इंग्लंडात विंडसरला गार्टरची आसनं 1478 ते 1485 या काळातली शाबूत आहेत. कोणाही वास्तुकाराला तिथे जाऊन पाहता येत होती. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेच्या धामधुमीत मध्ययुगीन चर्चमधलं बहुतेक लाकूड गेलं. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधली सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची आसनं आणि डनब्लेनच्या कॅथीड्रलमधली काही, असे मोजके अवशेष उरले. लॉरिमरने उंच मेघडंबरीची कल्पना त्या जुन्या घराण्यातली घेतली, पण पानंफुलं, पक्षी, प्राणी पाहून काढलेले वाटतात, जुन्या नमुन्यांवरून गिरवलेले नव्हेत. गॉथिक वळणाचं काम एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आणि आपल्या मुंबईतही ढिगाने झालं. त्यातलं बरंच निर्जीव आहे, कारण तेच पान, तोच वळसा शंभरदा काढलेला असतो. थिसल चॅपलमध्ये कोरणाऱ्याला कंटाळा आलेला दिसत नाही.

आणि रंग. आसनं आणि मेघडंबऱ्या उघड्या ओकच्या, तपकिरी. भडक रंग फक्त दोन ठिकाणी: वर शिरोचिन्हांना आणि खाली पाठीवरच्या मीनाकामाच्या पाट्यांना. मधलं सगळं शांत. बॉडलीच्या शिष्याला सगळं लाकूड रंगवून सोन्याने मढवण्याचा मोह सहज झाला असता. तो टाळला हे फार बरं झालं.

न संपणारं काम

आता या लाकूडकामाचा सर्वांत हुशार भाग. नाइट हयात आहे तोवर त्याचं शिरस्त्राण, शिरोचिन्ह आणि तलवार त्याच्या आसनावर असते. उमराव असेल तर त्याच्या दर्जाचा मुकुटही. तो वारला की हे सगळं उतरवलं जातं. त्याची मीनाकामाची पाटी मात्र कायम तिथेच राहते, नाव, कुलचिन्ह आणि ऑर्डरमध्ये आल्याची तारीख यांसकट. त्याच आसनावर नवा नाइट आला की वर नवं शिरोचिन्ह चढतं आणि पाठीवर आणखी एक पाटी लागते. म्हणजे लॉरिमरला एकाच वेळी दोन उलट गोष्टी साधायच्या होत्या. शिखर असं हवं की त्यावरचा तुरा दर काही वर्षांनी बदलला तरी ते बोडकं किंवा बेंगरूळ दिसू नये. आणि पाठ अशी हवी की ती पहिल्या दिवशी रिकामी वाटू नये, शंभर वर्षांनी गच्च वाटू नये.

सुरुवातीच्या पाट्या फीबी ट्रकेअर यांनी केल्या. जन्म डब्लिनचा, कारकीर्द एडिंबरोची, भिंतीचित्रं, भरतकाम आणि मीनाकाम या तिन्हींत त्यांचा हात चाले. तांब्यावर काचेची पूड भाजून रंग उतरवायचा, एकेक रंगाला वेगळी आच द्यायची, हे जिकिरीचं काम. ओकच्या तपकिरी पाठीवर या लहानशा पाट्या रत्नांसारख्या उठून दिसतात. आज एकेका आसनावर पिढ्यानपिढ्यांच्या पाट्या आहेत आणि पाठ अजून भारावलेली दिसत नाही. याचं श्रेय मी पाठीच्या चौकटींच्या साधेपणाला देतो. तिथे कोरक्याने हात आवरला आहे.

ऑर्डरचे नियमही बदलले. 1987 मध्ये स्त्रियांना बरोबरीने प्रवेश मिळाला. कुलचिन्हांच्या शास्त्राप्रमाणे स्त्रिया सहसा शिरस्त्राण आणि शिरोचिन्ह धारण करत नाहीत, राणीचा अपवाद. मग त्यांच्या मेघडंबरीवर ठेवायचं काय? उमरावीण किंवा राजकन्या असेल तर नुसता मुकुट ठेवतात. लेडी मॅरियन फ्रेझर 1996 मध्ये ऑर्डरमध्ये आल्या. त्यांना जे कुलचिन्ह दिलं गेलं त्यात शिरस्त्राण आणि शिरोचिन्ह दोन्ही होती, आणि ती त्यांच्या आसनावर चढली. 1911 च्या रचनेला हे पेलता आलं, कुठे काही कापावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र जागेअभावी बाहेरच राहिली. विंडसरला नाइटांची निशाणं आसनांवर फडकतात. इथे ती चॅपलच्या बाहेर, मुख्य चर्चच्या प्रेस्टन आइल या भागात लावतात. 18 फुटी खोलीत दोन्ही भिंतींवरून निशाणं लोंबली असती तर मेघडंबऱ्या पार झाकल्या गेल्या असत्या. लाकूडकामाच्या दृष्टीने ही अडचण पथ्यावरच पडली आहे.

1911 च्या आधीच्या नाइटांना आसन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची नावं देवडीच्या भिंतींवर दगडात कोरली आहेत. 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी हा थिसलचा नाइट होता, तेव्हा त्याचं नाव याच भिंतींवरच्या यादीतलं. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने त्यासमोर क्षणभर उभं राहावं, एवढं ते नाव आपल्या ओळखीचं आहे.

दुसरं नाव लाकडाशी जास्त जवळचं आहे. 1885 ते 1890 मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे हेही थिसलचे नाइट. ते 1921 मध्ये वारले, म्हणजे चॅपल झालं तेव्हा हयात होते. हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन त्यांच्याच नावाचं. आणि 1891 मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात हस्तकलांसाठी ज्या कार्यशाळा निघाल्या त्यांनाही ‘लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स’ असंच नाव दिलं गेलं. यंत्राच्या रेट्यात हाताचं काम टिकवायचं कसं, हा प्रश्न त्या काळी एडिंबरोत आणि मुंबईत एकाच वेळी विचारला जात होता. मुंबईने त्याचं उत्तर शाळा काढून दिलं. लॉरिमरने कामं देऊन दिलं. मला दुसरा मार्ग जास्त परिणामकारक वाटतो, कारण शिकलेल्या हाताला काम नसेल तर ते शिक्षण दहा वर्षांत विझतं.

जे पटत नाही

चॅपलचं छत मला जड वाटतं. कमानींच्या फासळ्या जिथे जिथे एकत्र येतात तिथे तिथे कोरलेली दगडी फुलं आहेत, आणि ती इतकी दाट आहेत की एकही नीट पाहवत नाही. 42 फुटांवरून त्यांतली कारागिरी दिसत नाही, फक्त दाटी दिसते. लाकडात जो संयम दिसतो तो दगडात सुटला आहे. लाकूड हाताच्या अंतरावर होतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी इथे किती पुरे हे विचारलं गेलं असावं.

श्रेयाचा प्रश्न तर आहेच. लॉरिमर ‘सर रॉबर्ट’ झाला आणि ते योग्यच झालं. पण पर्यटकाच्या तोंडी क्लो बंधूंचं नाव क्वचितच येतं. वास्तुकाराच्या कागदावर पानाचं वळण एका रेषेत असतं. त्या रेषेतून खोली, सावली, देठाची जाडी काढणं हे कोरक्याचं काम, आणि ते कागदावर कुठेच नसतं. निदान त्यांची नावं तरी नोंदली गेली. सेंट जाइल्समध्ये मार्गदर्शकाने आधी ही दोन नावं घ्यावीत आणि मग बॅगपाइपवाला देवदूत दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या भावांचं काम थिसलवर थांबलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास डनब्लेन कॅथीड्रलच्या नव्या आसनांवर लॉरिमरबरोबर तेच होते, जिथे मध्ययुगीन ओक शेजारीच होता आणि तुलना टाळता येणार नव्हती. युद्धानंतर एडिंबरोच्या किल्ल्यात स्कॉटलंडचं राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, तेही लॉरिमरचंच. 1927 मध्ये ते खुलं झालं. हॅडनचं लोखंड आणि स्ट्रॅखनच्या काचा तिथेही आहेत. गाभाऱ्याच्या छतातून सेंट मायकेलची ओकमधली मूर्ती खाली लोंबते. तिचा नमुना ॲलिस मेरेडिथ विल्यम्स यांनी घडवला आणि तो लाकडात उतरवला क्लो बंधूंनी. थिसल चॅपल पाहून झालं की उरलेल्या वेळात किल्ल्यावर जाऊन ही मूर्ती पाहावी. टेकूवरच्या अंग चोरून बसलेल्या जनावरांनंतर, पंख पसरून हवेत तोललेलं तेच लाकूड आणि तेच हात तिथे बघायला मिळतात.